पाचवा विषय

आमच्या गावात मासळी उतरते ती सरकारी जेटीवर, आणि तिची घाण उपसते ती ग्रामपंचायत. मी दोन मुदती सदस्य होतो, त्यामुळे हिशेब तोंडपाठ आहे. जेटीकडच्या रस्त्यावरचे दिवे आमचे, लिलावाच्या जागेवरचं पाणी आमचं. फाटकी जाळी, थर्माकोलचे खोके, टाकाऊ मासळी उचलणारी दोन माणसं आमच्या पगारावर. कशातून? घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती कर. वित्त आयोगाचे पैसे येतात खरे, पण पंधराव्या आयोगाने 2021 पासून त्यातले 60 टक्के पाणी नि स्वच्छतेला बांधून टाकलेले. उरलेल्या चाळिसात पाखाडीही आली नि दिव्याचं बिलही. परवान्याचं शुल्क आणि दंड मात्र सरकारजमा. 2021 साली कायद्यात दुरुस्ती होऊन दंड लाखांवर गेला. आमच्या पंचायतीच्या कीर्दीत त्यातला रुपया दिसला नाही.

बरं, पैसे नाही तर नाही, निदान विचारा तरी! 1981 च्या सागरी मासेमारी नियमन कायद्यात सल्लागार समितीची तरतूद आहे. माझ्या दहा वर्षांत तिच्या बैठकीचं निमंत्रण सोडाच, इतिवृत्तसुद्धा आमच्या दप्तरी आलं नाही. एकदा कार्यालयात जाऊन विचारलं, तर साहेब म्हणाले, "समुद्र काय तुमच्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत येतो?"

नाही येत. पण 73 व्या घटनादुरुस्तीने पंचायतींकडे सोपवायच्या 29 विषयांची यादी केली, तिच्यात पाचवा विषय मत्स्यव्यवसाय. 1993 पासून तो तिथं आहे. सोपवणं राज्याच्या मर्जीवर ठेवलंय, तिथंच घोडं पेंड खातं.

आणि समुद्रात काय चाललंय ते आधी कळतं कुणाला? 2016 च्या फेब्रुवारीत राज्याने पर्ससीनवर निर्बंध घातले, 2017 ला केंद्राने एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली. कागद उत्तम. पण रात्री ते दिवे दिसतात वाडीतून, जिल्ह्याच्या कचेरीतून नव्हे. सकाळी रापणीचा दोर ओढायला अख्खी वाडी उतरते नि हाती लागते चार टोपल्या तारली. बांगडा गेला कुठे, हे पाटी घेऊन बाजार गाठणाऱ्या बाईला नीट ठाऊक असतं. तिला म्हटलं, समितीत सांग की. ती म्हणाली, "आमका कोण इचारतां?"

रापणीत जाळं ज्याचं त्याला वाटा जास्त, पण दोराला हात लावलेल्या पोरालाही कुणी रिकाम्या हाताने धाडत नाही. सरकारला एवढाही न्याय जमू नये?

कुणी म्हणेल, सरपंच बोटमालकाचाच माणूस निघाला तर? निघतो, आमच्याकडेही निघालाय. म्हणून समितीवर जाणारं नाव ग्रामसभेत ठरावं, पंचायतीच्या बंद खोलीत नव्हे. एक जागा मासळी विकणाऱ्या बाईची असावी. आणि दंडाचा चौथा हिस्सा जेटीच्या गावाला मिळावा.

तोवर जेटीवरच्या दिव्याचं बिल थेट मत्स्य कार्यालयाच्या नावे पाठवावं, असा ठराव मी मांडला होता. सभेत सगळे हसले, हातही वर झाले. ग्रामसेवकाने तो इतिवृत्तात घेतला नाही. येत्या ग्रामसभेत पुन्हा मांडणार आहे, लेखी.