दत्तप्रभूंच्या पायांशी

मार्गशीर्ष पौर्णिमेस घरोघरी दत्तजन्माचा पाळणा हलतो. तसबिरीला हार घालताना प्रभूंच्या पायांशी असलेले चार श्वान म्हणजे चार वेद, असे आपण मुलांना सांगतो. तेच रूप दाराशी येऊन शेपूट हलवू लागले की मात्र काठी उचलतो. ही विसंगती भाविकांनी आज मनाशी तपासावी, असे आम्हांस वाटते.

महाभारताच्या आदिपर्वात जनमेजयाच्या सत्रात आलेल्या सरमेच्या पिल्लाला राजाचे भाऊ मारतात. त्याने हविर्द्रव्याला तोंड लावले नव्हते, तिकडे पाहिलेही नव्हते. निरपराध्याला मारले म्हणून त्या मातेने राजाला शाप दिला. ग्रंथाच्या अखेरीस धर्मराज श्वानासाठी स्वर्गाच्या दारात अडून राहतो. श्वानाच्या दृष्टीने यज्ञदानाचे पुण्य नष्ट होते, हा सोवळ्याचा आक्षेप तेथे प्रत्यक्ष इंद्राने घेतला आहे. धर्मराजाने तो मानला नाही. आश्रिताचा त्याग त्याला ब्रह्महत्येच्या तोलाचा वाटला. तो श्वान साक्षात धर्मच निघाला.

आमच्या क्षेत्री कीर्तनाला येणाऱ्या मुलांनी यंदा पावसाळ्यात गटारातून एक पिल्लू काढले. ठेंगणे, मिश्र जातीचे, एक कान उभा, एक पडलेला. आख्यान रंगात आले की हे श्रोत्यांच्या वहाणा पळविते! परंतु जीव वाचविला म्हणजे कार्य संपले नव्हे. त्यास मायेचे घर मिळाले पाहिजे. ते शोधताना, कन्येसाठी स्थळ पाहावे तितकी चौकशी करावी. घरातील सर्वांची संमती आहे ना? दिवसभर साखळीला तर राहणार नाही? घरची मंडळी परगावी गेली तर त्यास कोण पाहील? रेबीजची व इतर लस, पुढे निर्बीजीकरण, यांचा खर्च झेपेल ना?

गुरुचरित्राचा सप्ताह सात दिवसांत पुरा होतो. हे व्रत बारा-चौदा वर्षांचे, म्हणजे एका तपाचे वा अधिक. ज्यांस ते पेलणार नाही त्यांनी उत्सवाच्या भरात पिल्लू नेऊ नये. ज्यांस पेलेल त्यांनी जात विचारू नये. पैसे मोजून उंची जातीचे आणण्याआधी अशा पोरक्याकडे पाहावे. देवघराचे सोवळे देवघरात राहू द्यावे. ओसरीवर एक उबदार पोते, वेळेवर अन्नपाणी आणि पाठीवर फिरणारा हात, एवढे त्यास पुरते. त्रिमूर्तीच्या पायांशी ज्यास जागा आहे, त्यास आपल्या उंबऱ्याशी का नसावी?