आधी चावी परत करावी लागते

रोमँटिक कॉमेडी म्हटली की आपण ती करमणुकीच्या खात्यात टाकून मोकळे होतो. दोघांचे भांडण, चार गैरसमज, शेवटी लग्न. यात बायबल कुठून आले, असे कुणीही विचारील. पण माझे मत असे की क्षमा आणि पश्चात्ताप ही ख्रिस्ती शिकवणीतली दोन मोठी सूत्रे हॉलीवूडच्या जुन्या कृष्णधवल विनोदी चित्रपटांत फार छान उलगडतात. आणि एकाशिवाय दुसरे मागितले तर काय होते, हेही त्यांतच दिसते.

गोव्यातल्या वाचकाला याचे नवल वाटू नये. थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट पाद्र्याने ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत सांगितली. त्याचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली आपल्या रायतूरला छापले गेले. लोकांपर्यंत पोचायचे तर लोकांच्या आवडीच्या रूपातून जावे, हे त्याला कळले होते. हॉलीवूडवाल्यांना मात्र उपदेश करायचा नव्हता, तिकिटे खपवायची होती. तरीही उपदेश झाला!

त्या काळी हॉलीवूडवर एका नीतिसंहितेचा अंमल होता. १९३० साली ती लिहिली डॅनियल लॉर्ड या जेझुइट पाद्र्याने आणि मार्टिन क्विग्ली या कॅथलिक प्रकाशकाने. १९३४ पासून जोसेफ ब्रीन या कॅथलिक गृहस्थाने ती कडकपणे राबवली. व्यभिचाराचे समर्थन नको, विवाहसंस्थेचा मान राखा, वगैरे नियम त्यात होते. आम्हा सरकारी माणसांना नियमांचे महत्त्व सांगायला नको. पण नियमाने फार तर पडद्यावरचे पाप झाकले जाते. पाप झाल्यावर माणसांनी एकमेकांशी कसे वागायचे, हे नियम सांगत नाही. ते सांगितले या विनोदी चित्रपटांनी.

१९४० सालचा 'द फिलाडेल्फिया स्टोरी' घ्या. दिग्दर्शक जॉर्ज क्यूकर, मूळ नाटक फिलिप बॅरी या कॅथलिक घरात वाढलेल्या नाटककाराचे. श्रीमंत घरची ट्रेसी लॉर्ड (कॅथरीन हेपबर्न) हिने दारुड्या नवऱ्याला, डेक्स्टरला (कॅरी ग्रँट), सोडले आहे आणि आता ती जॉर्ज नावाच्या सरळमार्गी माणसाशी लग्न करणार आहे. ती स्वतः निष्कलंक. पण म्हणूनच दुसऱ्याचा कमकुवतपणा तिला सहन होत नाही. लूकच्या शुभवर्तमानातल्या उधळ्या पुत्राच्या दाखल्यात एक थोरला भाऊ आहे. आयुष्यभर बापाची आज्ञा पाळलेला, आणि धाकटा परत आल्यावर रागाने घराबाहेर उभा राहिलेला. ट्रेसी म्हणजे हा थोरला भाऊ.

लग्नाच्या आदल्या रात्री तीच शँपेन पिऊन एका वार्ताहराबरोबर पोहायला जाते, आणि तो तिला हातांवर उचलून घरी आणताना जॉर्ज पाहतो. सकाळी तिला धड काही आठवतही नाही. जॉर्ज पत्र पाठवून खुलासा मागतो. रात्री तसे काही घडले नव्हते हे कळल्यावर तो समेटाला तयार होतो. पण ट्रेसीला एव्हाना कळून चुकले आहे, की निर्दोष ठरल्यावर मिळते ती क्षमा नव्हे, ते निर्दोषत्वाचे प्रमाणपत्र! ती जॉर्जला नकार देते आणि डेक्स्टरशी पुन्हा लग्न करते. थोरला भाऊ शेवटी घरात आला की नाही, हे दाखल्यात सांगितलेले नाही. ट्रेसी येते.

इथेच मला या चित्रपटाशी भांडायचे आहे. ट्रेसीच्या बापाचे एका नर्तकीशी प्रकरण असते. तो घरी येतो तो माफी मागत नाही. उलट, प्रेमळ मुलगी लाभली असती तर आपण असे भटकलो नसतो, असा ठपका तिच्यावरच ठेवतो. आणि शेवटी नमते घेते ती मुलगीच. आपल्याकडच्या घरांतही हे ओळखीचे आहे, मग ते घर कुठल्याही धर्माचे असो. क्षमा करायची बाईने, समजून घ्यायचे बाईने, आणि ज्याने केले त्याने नुसते परत यायचे. उधळा पुत्र तरी 'माझे चुकले' हे तोंडात घेऊन परतला होता. हा बाप तेवढेही करीत नाही. क्षमेच्या नावाखाली इथे दोषाची बदली झाली.

हा हिशेब वीस वर्षांनी बिली वाइल्डरच्या 'द अपार्टमेंट'ने (१९६०) चुकता केला. बॅक्स्टर (जॅक लेमन) हा न्यूयॉर्कच्या विमा कंपनीतला कारकून. आपल्या फ्लॅटची चावी तो साहेबांना त्यांच्या लफड्यांसाठी देतो आणि बदल्यात बढत्या मिळवतो. त्याला आवडणारी लिफ्टवाली मुलगी, फ्रॅन (शर्ली मॅक्लेन), शेल्ड्रेक या बड्या साहेबाने फसवलेली. नाताळच्या आदल्या संध्याकाळी ती त्याच फ्लॅटमध्ये झोपेच्या गोळ्या घेते. तिला वाचवतो तो शेजारचा ज्यू डॉक्टर. चांगल्या शोमरोनी माणसाच्या दाखल्यातही जखमी वाटसरूला वाचवणारा परक्या समाजातला होता, हे आठवावे. हाच डॉक्टर बॅक्स्टरला 'मेन्श' व्हायला सांगतो. यिद्दिशमध्ये मेन्श म्हणजे सच्चा माणूस.

वर्षाच्या शेवटच्या दिवशी शेल्ड्रेक पुन्हा चावी मागतो. बॅक्स्टर टेबलावर चावी ठेवतो ती फ्लॅटची नव्हे, साहेबलोकांच्या खास प्रसाधनगृहाची! बढतीबरोबर मिळालेला मान परत करून तो नोकरी सोडतो. त्या क्षणी फ्रॅन आपल्याला मिळेल अशी आशाही त्याला नाही. माझ्या लेखी हा खरा पश्चात्ताप. कुमसारात शब्द लागतात. त्यापुढे काहीतरी परत द्यावे लागते. लूकच्याच शुभवर्तमानात जक्कय हा जकातदार आहे. येशू आपण होऊन त्याच्या घरी गेला, ही कृपा आधीच झाली. पण मग जक्कयाने स्वतःहून लुबाडलेले चौपट फेडण्याचे कबूल केले.

वाइल्डर स्वतः ज्यू. तेव्हा ही शिकवण केवळ ख्रिस्ती लोकांची मालमत्ता आहे असे मी म्हणणार नाही. पण पुढच्या वेळी घरात, कचेरीत किंवा देवळा-चर्चमध्ये कुणा दुखावलेल्या माणसाला 'सोडून दे, माफ कर' असा सल्ला देण्याआधी एक प्रश्न दुसऱ्या बाजूला जरूर विचारावा : तुम्ही कुठली चावी परत केलीत?