उकळूनही न जाणारे विष
केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात महाराष्ट्रातील सुमारे ३६ टक्के नमुन्यांत नायट्रेट मर्यादेपेक्षा, म्हणजे लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त आढळले. शेजारचे वर्धा, अमरावती, यवतमाळ सर्वाधिक बाधित जिल्ह्यांत आहेत. नायट्रेटला रंग, वास नाही. पाणी उकळल्याने ते उलट दाटते. अशा पाण्यात कालवलेली दूध पावडर तान्ह्या बाळाच्या रक्तातील प्राणवायू घटवते.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. तपासल्याशिवाय प्रोग्रॅमही पुढे पाठवत नाही. मग पाणी कसे प्यायचे? पाण्याचा अभ्यास करणारी ‘नीरी’ १९५८ पासून नागपुरातच आहे. महापालिकेने प्रत्येक सार्वजनिक बोअरवेलवर तपासणीची तारीख व आकडे मराठी-उर्दूत लावावेत. मोहल्ला कमिट्यांनी ही मागणी लेखी द्यावी आणि पोच घ्यावी.