मालगाडीची शिटी

सिंदी (रेल्वे) येथील आमच्या काही तरुणांनी स्वतः रचलेली सात मराठी गाणी घरच्या खोलीत ध्वनिमुद्रित केली. गिटार, बेस, ड्रम असा रॉकचा सरंजाम. ती ऐकण्यासाठी चार मंडळी जमली असता संगीताचे जाणकार समजल्या जाणाऱ्या एका गृहस्थांनी दुसऱ्याच गाण्यात हात वर केला. गाण्यामागे मालगाडीची शिटी ऐकू येत होती. "हे घरी केलेले दिसते. एखाद्या कंपनीने काढले असते तर ऐकले असते," असे म्हणून ते उठले. या वाक्याशी आमचे भांडण आहे.

कंपनीच्या शिक्क्याने गाण्याची पारख होते, हा समज गोव्याच्या रेमो फर्नांडिस यांनी १९८४ सालीच खोटा ठरविला होता. 'गोअन क्रेझी' हा त्यांचा गीतसंग्रह मुंबईच्या कंपन्यांनी नाकारला. तेव्हा शिवोलीच्या घरी त्यांनी चार ट्रॅकच्या कॅसेट-यंत्रावर तो स्वतःच मुद्रित केला. अशा यंत्रावर एक वाद्य वाजवून घ्यायचे, ते कानांत ऐकत दुसरे वाजवायचे. जागा संपली की तीन ट्रॅक चौथ्यावर एकत्र उतरवून पुढे जायचे. प्रत्येक उतरवणीबरोबर फितीची खरखर वाढते आणि एकदा मिसळलेले पुन्हा सुटे करता येत नाही. सारी वाद्ये त्यांची, सारे आवाज त्यांचे, वेष्टणाचे चित्रही त्यांचेच. मग पिवळ्या स्कूटरवरून कॅसेटी दुकानोदुकानी पोहोचविल्या. गोव्याने त्या विकत घेतल्या. कंपन्यांना जाग नंतर आली.

टीकाकार तरीही गाण्यापेक्षा गाणाऱ्याच्या अदबीकडे पाहत राहिले. पंतप्रधान राजीव गांधी यांच्यासमोर त्यांनाच उद्देशून रेमोंनी गाणे म्हटले, तेव्हा गोव्यातील वृत्तपत्रातून क्षमायाचनेची मागणी झाली. रेमोंनी कात्रणे आणि गाण्याची फीत थेट दिल्लीस धाडली. आपणांस व पत्नीस गाणे आवडले, असे पंतप्रधानांचे उत्तर आले. ज्याचा अपमान झाला म्हणून ओरड होती, त्याने निदान ऐकले तरी होते!

"पण हे पाश्चात्त्यांचे अनुकरण," असा दुसरा आक्षेप आमच्याच घरांतून येतो. आपण ज्या पेटीवर भजने गातो ती मूळची युरोपातली. परकी आणि मींड न काढणारी म्हणून आकाशवाणीने १९४० साली तिच्यावर बंदी घातली. ती १९७१ पर्यंत सैल झाली नाही. तेवढ्या काळात पेटी घरोघर रुळली, बंदी मात्र कागदावर राहिली. गिटारला वेगळा न्याय कशासाठी?

सिंदीची सातही गाणी उत्तम आहेत, असा आमचा दावा नाही. दोन सरळ कच्ची आहेत, एकात शब्द सुरावर नीट बसलेले नाहीत. पण बैलाला झूल चढविणाऱ्या लहान मुलावरचे, आपल्या तान्ह्या पोळ्याचे गाणे असे आहे की त्यातली मालगाडी आम्हांस हवीच वाटली. हावड्याहून मुंबईकडे जाणारा लोहमार्ग गावातूनच जातो. ती शिटी न येणारी खोली सिंदीत कोठून आणायची?

ते गाणे पाचवे होते. गृहस्थ दुसऱ्यावर उठले.