पळसाचा वसंत

मुलांस वसंतऋतूवर निबंध लिहावयास सांगितला, कीं मलयानिल वाहूं लागतो आणि कोकिळा गाऊं लागते. (गाणारा पक्षी नर असतो, हें आमच्या काव्यरसिकांस अद्याप पटलेलें दिसत नाहीं.) फाल्गुनांत जालन्याचा वारा कोरडा व धुळीचा असतो, हें मुलांस ठाऊक असतें, त्यांच्या लेखणीस नसतें. माझ्या मतें दोष मुलांचा नव्हे. अलंकार म्हणजे उसने दागिने, ह्या समजुतीचा आहे.

'गाथासप्तशती' पाहावी. हाल सातवाहनाच्या नांवाचा हा सुमारें ७०० गाथांचा संग्रह महाराष्ट्री प्राकृतांतील आहे. सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान, म्हणजे आजचें पैठण. तेथून येणारी गोदावरीच आपल्या जिल्ह्याची दक्षिण सीमा. त्यांतील एका गाथेंत भुईवर गळलेलीं पळसफुलें कवीस राघूच्या चोंचींसारखीं दिसतात. मग वाटतें, बुद्धाच्या चरणीं भिक्षुसंघच लोटांगण घालून पडला आहे! काषाय वस्त्रें आणि पळस, दोन्ही ज्यानें डोळे भरून पाहिलीं, त्यासच ही उत्प्रेक्षा सुचावी.

चीनदेशचा दू फू ह्यानें इ. स. ७५७ मध्यें शत्रूच्या हातीं पडलेल्या राजधानींत वसंत पाहिला, आणि त्यास फुलांच्या ठायीं अश्रू दिसले. तेथें मलयानिल शोभला असता काय?

पालकांनीं मुलांस एकदां शिवारांत न्यावें. मुलांनो, परीक्षेंत वसंत आला, तर बांधावरचा पळस आणि कडुनिंबाचा मोहोर लिहा. गुण कमी पडल्यास तक्रार मजकडे आणावी.