मित्राच्या आठवणीत एक तपासणी

आपल्याकडे माणूस गेला की पुण्यानुमोदनाच्या पत्रिकेवर 'कैलासवासी' न लिहिता 'कालकथित' असे लिहिण्याची रीत आहे. नावाखाली जन्माची आणि मृत्यूची तारीख असते. माणूस कशाने गेला, हे मात्र कुणी लिहीत नाही. आज आम्हांला तेच लिहावयाचे आहे.

हिवरखेडला आमचा एक बालमित्र होता. विहाराच्या ओट्यावर कंदील ठेवून आम्ही सोबत अभ्यास केला. गणितात तो आमच्या फार पुढे. पण पावसाळा लागला किंवा थंडी पडली की त्याची शाळा सुटायची. सांधे धरत, डोळे पिवळे पडत. "गड्या, हाडायत कोनी खिये ठोकून रायलं असं वाटते," असे तो म्हणायचा. कापूस वेचायला गेला की थोड्याच वेळात बांधावर बसे. लोक त्याला कामचुकार म्हणत. त्याच्या मायला कुणी बाहेरची बाधा सांगितली, कुणी कावीळ. अंगारे झाले, झाडपाला झाला. तेव्हा गावावरून अकोला-खंडवा मीटरगेज गाडी धावत असे. ती २०१७ साली बंद झाली. त्या गाडीने त्याला अकोल्याला नेत. रक्त चढवले की काही दिवस बरे वाटे. आजाराचे नाव कळले तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. ते नाव सिकलसेल. तिशी ओलांडली आणि तो गेला.

हा आजार आपल्या घरचा आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. विदर्भात पूर्वाश्रमीच्या महार समाजात आणि आदिवासी समाजांत तो मोठ्या प्रमाणावर आढळतो. नागपूरच्या डॉक्टरांनी १९५८ साली त्याची नोंद केली होती. यात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, म्हणून असह्य कळा येतात. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते; ही वाकडी पेशी १० ते २० दिवसांतच मरते, म्हणून रक्त कमी आणि डोळे पिवळे. थंडी, ताप, अतिश्रम व पाणी कमी पिणे यांनी त्रास वाढतो. हा संसर्गाने होत नाही. ही करणी नव्हे आणि कुणाचे पापही नव्हे. आई-बापांकडून मुलाकडे येणारा हा आजार आहे.

आम्ही बी.कॉम. झालेले कारकून, हिशेब हाच आमचा धंदा. पण हा हिशेब त्यानेच आम्हांला वहीवर मांडून दाखवला. नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी निपजण्याची शक्यता चारात एक. दोघांपैकी एकच वाहक असेल आणि दुसऱ्याचे रक्त निर्दोष असेल, तर मुले फार तर वाहक होतील, आजारी होणार नाहीत. वाहकाला सहसा काहीच त्रास नसतो. म्हणूनच तपासल्याशिवाय कळत नाही.

त्याच्या धाकट्या बहिणीने लग्नाआधी तपासणी केली. ती वाहक निघाली. सोयरिकीच्या बैठकीत तिने ते लपवले नाही. मुलाचीही तपासणी करून घेतली, तो निर्दोष निघाला. काही नातेवाइकांनी नाके मुरडली, पण लग्न झाले. आज तिची दोन्ही मुले धडधाकट आहेत.

केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. २०४७ पर्यंत हा आजार हटवावयाचा, असे तिचे उद्दिष्ट आहे. तपासणीला बोटातले थेंबभर रक्त पुरते. त्यात दोष दिसला तर पुढची चाचणी करून पक्के निदान होते. आजार निघालाच तर डॉक्टरांच्या सल्ल्याने हायड्रॉक्सीयुरिया व फॉलिक ॲसिड घेता येते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या आजाराचा समावेश आहे, म्हणून प्रमाणपत्रासाठी अर्ज करावा.

आमची वाचक बंधू-भगिनींना विनंती आहे. पत्रिका जुळवणे आपण केव्हाच सोडले. आता मुलामुलींच्या बायोडाट्यात शिक्षण आणि नोकरीच्या खाली सिकलसेलच्या तपासणीचा निकालही लिहा. वाहक म्हणून कुणाला नाकारू नका, फक्त दोन वाहकांची गाठ घालण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा. आणि पुण्यानुमोदनाच्या जेवणावळीवर खर्च करण्यापेक्षा त्या दिवशी विहारात आरोग्य केंद्राच्या माणसांना बोलावून वस्तीची तपासणी करून घ्या. आपल्या वस्तीत बांधावर बसून राहणारे एखादे पोरगे असेल, तर पहिला नंबर त्याचा लावा.