जागा संपली, हे कोणी सांगायचे?

संगणकात शिरणाऱ्या चोराकडे काहीतरी अघोरी विद्या असते, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात गेल्या तीन-चार दशकांतल्या कितीतरी घुसखोरींचे मूळ अगदी साधे आहे. एका जागेतला मजकूर दुसऱ्या जागेत उतरवायचा होता, आणि तो तिथे मावतो का, हे कोणी पाहिले नाही. बस्स, एवढेच.

मी यंत्रांच्या पोटात बसणाऱ्या छोट्या संगणकांसाठी सी भाषेत कोड लिहितो. त्यामुळे ही चूक माझ्या रोजच्या कामाचा विषय आहे. आज तिच्याबद्दल माझे मत मांडतो आहे. विषय तांत्रिक वाटेल, पण ज्याचे नाव कुठल्या ना कुठल्या संगणकात नोंदवलेले आहे, अशा प्रत्येकाशी त्याचा संबंध आहे.

आधी नेमके काय घडते ते समजून घेऊ. सी ही भाषा डेनिस रिची यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये घडवली. या भाषेत मजकूर, म्हणजे स्ट्रिंग, ही मेमरीतल्या एकापाठोपाठ एक घरांची रांग असते. एका घरात एक बाइट. मजकूर किती लांब आहे, याची नोंद वेगळी ठेवलेली नसते. शेवटच्या अक्षरानंतरच्या घरात शून्य ठेवायचे आणि शून्य दिसले की मजकूर संपला असे समजायचे, एवढाच करार. ‘स्ट्रकॉपी’ हे फंक्शन हा करार इमानाने पाळते. शून्य भेटेपर्यंत एकेक बाइट उचलते आणि दुसरीकडे ठेवत जाते. दुसरीकडे दहा घरे आहेत की शंभर, हे त्याला कोणी सांगत नाही आणि विचारण्याची त्याला सोयही नाही. कप भरला तरी किटली ओतत राहते.

सांडलेला मजकूर शेजारच्या घरांत जातो. तिथे दुसराच कुठला हिशेब लिहिलेला असू शकतो. काही वेळा तिथे ‘हे काम संपल्यावर प्रोग्रामने कुठे परत जायचे’ हा पत्ता असतो. बाहेरच्या माणसाने मुद्दाम लांब मजकूर पाठवून तो पत्ता बदलला, की यंत्र मालकाचे सोडून त्याचे ऐकू लागते.

हे जगाला पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर दिसले ते २ नोव्हेंबर १९८८ रोजी. रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला ‘वर्म’ त्या काळच्या इंटरनेटवर पसरला. सुमारे ६,००० यंत्रांना त्याची बाधा झाली, असा अंदाज तेव्हा सांगितला गेला. त्याच्या शिरण्याच्या वाटांपैकी एक होती ‘फिंगर’ नावाची सेवा. तिने येणाऱ्या मजकुरासाठी ५१२ बाइटची जागा ठेवली होती आणि मजकूर घेताना ‘गेट्स’ हे फंक्शन वापरले होते. हा स्ट्रकॉपीचाच सख्खा भाऊ, जागा किती आहे हे न विचारणारा. वर्मने ५१२ पेक्षा जास्त बाइट पाठवले आणि दार उघडले.

यानंतर ‘गेट्स’ला सी भाषेच्या प्रमाण व्याख्येतून काढायला २०११ साल उजाडले. म्हणजे २३ वर्षे. आणि स्ट्रकॉपी आजही तिथेच आहे.

यावर नेहमी एक उत्तर मिळते, “चांगला प्रोग्रामर काळजी घेतो.” मला हे उत्तर पटत नाही. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितले होते, की दर वर्षी दुरुस्त कराव्या लागणाऱ्या सुरक्षा त्रुटींपैकी सुमारे ७० टक्के मेमरीच्या चुकीच्या वापरातून आलेल्या असतात. मजकूर उतरवणे हा त्यातला फक्त एक भाग आहे, हे खरे. पण एवढ्या मोठ्या कंपनीत काळजी घेणारी माणसे नव्हती, असे कोण म्हणेल? ज्या पुलाला कठडाच नाही, तिथून कोणी पडले तर दोष फक्त पडणाऱ्याच्या चालण्याला देता येत नाही.

मग कठडा कसा बांधायचा? इथे पन्नास वर्षांचा गोंधळ आहे, आणि तो समजून घेण्यासारखा आहे.

पुष्कळ जण म्हणतात, स्ट्रकॉपी सोडा आणि ‘स्ट्रएनकॉपी’ वापरा. त्यात जास्तीत जास्त किती बाइट उतरवायचे, हा आकडा देता येतो. ऐकायला सुरक्षित वाटते. पण हे फंक्शन मुळात वेगळ्याच कामासाठी होते. जुन्या युनिक्समध्ये फाइलच्या नावाला १४ बाइटची ठरावीक चौकट असे. नाव छोटे असेल तर उरलेली घरे शून्यांनी भरायची, आणि बरोबर १४ असेल तर शून्याची गरजच नाही, असा तो हिशेब. म्हणून आजही मजकूर जागेइतका किंवा जागेपेक्षा लांब असेल, तर स्ट्रएनकॉपी शेवटचे शून्य ठेवतच नाही. पुढचे वाचणारे फंक्शन मग शून्य शोधत दुसऱ्याच्या घरात जाते. सुरक्षित म्हणून नाव झालेली असुरक्षित वस्तू मला उघड धोक्यापेक्षा वाईट वाटते, कारण तिच्यापाशी माणूस सावध नसतो.

१९९८ मध्ये ओपनबीएसडीच्या टॉड मिलर आणि थिओ डी राट यांनी ‘स्ट्रएलकॉपी’ आणले. ते जागेच्या बाहेर लिहीत नाही आणि शून्य न विसरता ठेवते. लिनक्सवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या ग्नू सी लायब्ररीने मात्र ते अनेक वर्षे नाकारले. विरोधकांचा एक मुद्दा असा होता, की जास्तीचा मजकूर गुपचूप कापला जाईल आणि चूक झाकली जाईल. शेवटी २०२३ मध्ये त्या लायब्ररीने ते घेतले. २५ वर्षे दार बंद ठेवणे मला चुकीचे वाटते, पण विरोधकांचा तो मुद्दा चुकीचा नव्हता. स्ट्रएलकॉपी मूळ मजकुराची लांबी परत सांगते. ती जागेशी ताडून पाहिली तरच कापाकापी कळते, आणि ताडून पाहणारे थोडेच असतात. शिवाय ती लांबी मोजण्यासाठी ते मूळ मजकूर शून्यापर्यंत वाचत जाते. मूळातच शून्य नसेल, तर पुन्हा तेच संकट.

लिनक्स कर्नेलने २०१५ मध्ये ‘स्ट्रएसकॉपी’ घेतले. मावले तर किती बाइट उतरवले ते सांगते, मावले नाही तर सरळ ऋण आकडा देते, म्हणजे चूक झाली असे उघड बोलते. शून्य ठेवते, आणि दिलेल्या मर्यादेपलीकडे मूळ मजकूर वाचत बसत नाही. पुढे कर्नेलने स्ट्रएलकॉपीचा वापर हळूहळू काढत २०२४ मध्ये ते पूर्ण हटवले. माझ्या मते दिशा हीच बरोबर आहे.

याचे कारण असे, की गुपचूप कापणे म्हणजे सुरक्षा नव्हे. फाइलचा पत्ता अर्धा कापला गेला, तर प्रोग्राम वेगळीच फाइल उघडू शकतो. आणि नावाचे काय होते, ते आपल्या घरातल्या उदाहरणाने पाहू.

‘अब्दुल रहमान’ हे नाव रोमन लिपीत लिहिले तर मधली रिकामी जागा धरून १२ बाइट होतात. २० बाइटच्या चौकटीत ते आरामात मावते. प्रोग्रामर इंग्रजी नावे टाकून तपासणी करतो, सगळे ठीक दिसते. आता तेच नाव देवनागरीत लिहा. आज सर्वत्र चालणाऱ्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो, मात्रा असो की पाय मोडण्याची खूण, तीन बाइट घेते. ‘अब्दुल’मध्ये अशी सहा चिन्हे, म्हणजे १८ बाइट. ‘रहमान’मध्ये पाच, म्हणजे १५. मधली रिकामी जागा धरून झाले ३४. वीसच्या चौकटीत शेवटच्या शून्याला एक घर ठेवून उरतात १९. त्यात मावते फक्त ‘अब्दुल’ आणि एक रिकामी जागा.

अरबी नावांचा अर्थ जाणणाऱ्यांना यातली मेख लगेच कळेल. ‘अब्दुल’ म्हणजे ‘च्या दास’. कोणाचा, ते पुढच्या शब्दात आहे. रहमानचा दास असलेल्या माणसाच्या नावातून रहमानच गेला. मेमरी शाबूत आहे, कुठला चोर शिरलेला नाही, सुरक्षा तपासणी पास आहे, आणि माणसाचे नाव चुकले आहे. चौकट ३२ची असती, तर ‘अब्दुल रहमा’ उरले असते. कापण्याची जागा एखाद्या चिन्हाच्या तीन बाइटच्या मध्ये आली, तर शेवटी चौकोन किंवा प्रश्नचिन्ह दिसते. कागदांवरच्या चुकलेल्या प्रत्येक नावामागे हेच कारण असते, असे मी म्हणत नाही. टंकणारा माणूसही चुकतो. पण दोन कागदांवर दोन नावे झाली की किती खेटे घालावे लागतात, हे या ब्लॉगच्या वाचकांना मी सांगायला नको. दुसऱ्याचे नाव ही प्रोग्रामरकडे सोपवलेली अमानत आहे. ती मावत नसेल, तर त्याने तसे सांगितले पाहिजे. आपल्या मनाने कापून ठेवू नये.

कोणी म्हणेल, सी भाषाच सोडून द्या, रस्ट घ्या. नव्या कामासाठी मीही हेच सुचवेन. रस्टमध्ये मजकुराबरोबर त्याची लांबी चालते आणि जागेबाहेर लिहू दिले जात नाही. पण सीमधला जुना कोड प्रचंड आहे, आणि तो उद्या सकाळी नाहीसा होणार नाही. तोवर त्याची जबाबदारी कोणालातरी घ्यावीच लागेल.

ती घेण्याचा चांगला मार्ग गिट प्रकल्पाने २०१८ मध्ये दाखवला. त्यांनी स्ट्रकॉपी, स्ट्रएनकॉपी आणि अशाच काही फंक्शनांवर कोडमध्येच बंदी घातली. कोणी ती वापरली, तर प्रोग्राम कंपाइलच होत नाही. उपदेश नाही, फलक नाही, रस्ताच बंद. त्याच्या जोडीला फंक्शनने दिलेले उत्तर न पाहता पुढे गेल्यास कंपाइलरने इशारा द्यावा, अशी सोय आता सीच्या ताज्या प्रमाण व्याख्येतही आहे. ती वापरावी. आणि तपासणी करताना एक तरी लांब देवनागरी नाव जरूर टाकावे.

शेवटचे सांगणे शिकवणाऱ्यांना. आपल्याकडे डिप्लोमा आणि इंजिनिअरिंगच्या मुलांची सीशी ओळख होते तेव्हा स्ट्रिंगच्या धड्यात लांबी मोजणे, उतरवणे, जोडणे आणि ताडणे ही चार फंक्शने येतात. उतरवण्यासाठी स्ट्रकॉपीच शिकवतात. जरूर शिकवा, कारण जुना कोड वाचायला ते लागेल. पण त्याच तासाला दहा घरांच्या जागेत वीस अक्षरे टाकून दाखवा, शेजारच्या चलाची किंमत कशी बिघडते ते मुलांना फळ्यावर काढायला लावा, आणि मग विचारा, “जागा संपली, हे कोणी सांगायचे?” हा प्रश्न पहिल्या वर्षी कानावर पडलेला मुलगा किंवा मुलगी पुढे कुठेही नोकरीला लागली, तरी दुसऱ्याचे नाव सहजासहजी कापणार नाही.